बोर्ड कोणता आहे? कॅबिनेटच्या आतला मदरबोर्ड ओळखायचा कसा

रॅम घ्यायला गेलात की दुकानदार पहिला प्रश्न टाकतो, "बोर्ड कोणता?" आणि आपल्याकडं त्याचं ठरलेलं उत्तर आहे, "इंटेलचा." कारण कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला निळं स्टिकर असतं आणि त्यावर इंटेल लिहिलेलं असतं. ते स्टिकर प्रोसेसरचं. बोर्ड बहुधा दुसऱ्याच कंपनीचा असतो, आणि त्याचं नाव बाहेरून कुठंच दिसत नाही. त्यात आपण अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतो, म्हणजे घोळ नावापासूनच सुरू होतो. या लेखापुरतं एवढं पक्कं धरू: डबा म्हणजे कॅबिनेट, प्रोसेसर म्हणजे त्यातली एक चिप, आणि मदरबोर्ड म्हणजे ती चिप, रॅम, हार्डडिस्क, की-बोर्ड, सगळं ज्याला जोडलेलं असतं ती मोठी हिरवी, निळी किंवा काळी पाटी.

मागच्या जुलैत पीकविम्याची मुदत संपत आलेली असताना केजहून मामांचा फोन आला. त्यांचं आपले सरकार सेवा केंद्र आहे. दारात माणसांची रांग आणि कम्प्युटर अडकलेला. "लई हळू चालायलंय रे. एक फॉर्म उघडला की दुसरा उघडंना. रॅम टाकू म्हणलं तर दुकानवाला बोर्ड कोणता म्हणायलाय. आता मी काय सांगू त्याला?" मी औशात, ते केजात. फोनवरच सगळं करायचं होतं. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं तेच इथं क्रमानं लिहितोय. सगळ्यात सोप्या गोष्टीपासून सुरू करू, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ शेवटी आणू.

बिलावर विश्वास का नाही

मामांचा पहिला प्रश्न होता, "बिलावर बघू का?" बघा, पण त्यावर खरेदी करू नका. मी केलेली आहे.

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. घरच्या कम्प्युटरच्या बिलावर 'जी४१ मदरबोर्ड' एवढंच लिहिलेलं. औशाहून एसटीनं लातूरला गेलो, गंजगोलाईच्या अलीकडं एका दुकानात 'जी४१ साठी रॅम' मागितली, त्यानं डीडीआर३ची पट्टी दिली (डीडीआर२, डीडीआर३ या रॅमच्या पिढ्या). घरी येऊन लावायला गेलो तर बसेना. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते, ती बोर्डावरच्या उंचवट्याशी जुळेना. आतला बोर्ड होता इंटेलचा डीजी४१आरक्यू, तो डीडीआर२ घेतो. जी४१ हे बोर्डाचं नावच नव्हे, ते त्यावरच्या चिपसेटचं नाव, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीच्या भागांचा मेळ घालणाऱ्या चिपचं. त्याच चिपसेटवर कुणी डीडीआर२चे बोर्ड काढले, कुणी डीडीआर३चे. आणि दोन्ही पट्ट्यांना पिना २४०च, लांबी तीच, नुसतं बघून नवख्याला फरक कळत नाही. फरक त्या खाचेच्या जागेत. दुकानदारानं 'विकलेला माल परत नाही' ही पाटी बोटानं दाखवली. चूक त्याची निम्मी आणि माझी निम्मी, असं आता म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो.

म्हणून दुकानात सांगायचं ते पूर्ण नाव. नुसतं 'गीगाबाइटचा' चालत नाही, नुसतं 'एच६१' पण चालत नाही. कंपनी, मॉडेल आणि जमलं तर रिव्हिजन (त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती ते), या तीन गोष्टी हव्यात. पहिल्या दोन कम्प्युटर स्वतः सांगतो. तिसरी बहुधा आपल्या डोळ्यांनीच बघावी लागते, त्याबद्दल पुढं.

पहिली पायरी: कम्प्युटरलाच विचारा

कम्प्युटर चालू असेल आणि त्यात विंडोज १० किंवा ११ असेल, तर दोन मिनिटांचं काम आहे. काही डाउनलोड करायचं नाही, कॅबिनेट उघडायचं नाही.

की-बोर्डवर खालच्या ओळीत चार चौकोनांचं चिन्ह असलेलं विंडोज बटण असतं. ते दाबून धरा आणि आर दाबा. डाव्या कोपऱ्यात 'रन' नावाची छोटी खिडकी येते. त्यात इंग्रजी अक्षरांत टाइप करा: एम, एस, आय, एन, एफ, ओ आणि लगेच ३२. मध्ये जागा सोडायची नाही. एंटर मारा.

'सिस्टिम इन्फर्मेशन' नावाची मोठी खिडकी उघडते. उजवीकडं लांबलचक यादी. मामांनी तिथं वरून वाचायला सुरुवात केली, "ओएस नेम, मायक्रोसॉफ्ट विंडोज १० प्रो… व्हर्जन… सिस्टिम मॉडेल…" आणि थांबले. "सिस्टिम मॉडेलपुढं टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम. असं काहीतरी आलंय. म्हणजे बिघडलंय का?"

बिघडलेलं काही नाही. कम्प्युटरला स्वतःची माहिती बोर्डावरच्या बायोस चिपमधून मिळते (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम). तिथं कंपनीनं नाव, मॉडेल, नंबर भरून ठेवायचे असतात. आपल्या गावात जुळवून दिलेल्या कम्प्युटरचं 'सिस्टिम मॉडेल' कोण भरणार? रकाना कोराच राहतो आणि 'ओ.ई.एम.नं (म्हणजे कम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीनं) इथं भरावं' ही मूळ सूचनाच तशीच दिसत राहते. काही बोर्डांवर त्याच जागी 'डिफॉल्ट स्ट्रिंग' दिसतं. अर्थ तोच. आपल्याला त्या ओळीशी घेणं-देणं नाही, थोडं खाली सरका.

खाली 'बेसबोर्ड'नं सुरू होणाऱ्या तीन ओळी असतात. बेसबोर्ड म्हणजेच मदरबोर्ड. 'बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर' ही कंपनी, 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' हे मॉडेल आणि 'बेसबोर्ड व्हर्जन' ही आवृत्ती. मामांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं: "गीगाबाइट टेक्नॉलॉजी… प्रॉडक्ट एच, सहा, एक, एम, मग आडवी रेघ, एस. आणि व्हर्जनपुढं नुसतं एक्स डॉट एक्स."

मॉडेल मिळालं: एच६१एम-एस. व्हर्जन मात्र 'एक्स डॉट एक्स', म्हणजे तो रकानाही कंपनीनं भरलेला नाही. गीगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर हे असंच दिसतं. घाबरू नका आणि दुकानात जाऊन 'एक्स एक्सवाला बोर्ड' असंही मागू नका.

त्याच यादीत 'बायोस व्हर्जन आणि तारीख', 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' याही ओळी असतात. आता आलाच आहात तर मोबाइलनं पूर्ण स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. नंतर यातलं काहीतरी नक्की लागतं.

खिडकीत बेसबोर्ड दिसत नसेल तर

विंडोज ७ वर या यादीत बेसबोर्डच्या ओळी येतच नाहीत. आपल्याकडं शाळांच्या लॅबमध्ये, पतसंस्थांत, झेरॉक्सच्या दुकानांत विंडोज ७ अजून सापडतं. तिथं काळ्या खिडकीकडं जावं लागतं. परत विंडोज आणि आर, आणि 'रन'मध्ये सी, एम, डी ही तीन अक्षरं. काळी खिडकी उघडली की तिथं चार शब्द, प्रत्येकाच्या मध्ये एक जागा सोडून: पहिला शब्द डब्ल्यू-एम-आय-सी, दुसरा बेसबोर्ड, तिसरा गेट, चौथा प्रॉडक्ट. स्पेलिंग इंग्रजीच, बेसबोर्ड सलग एकच शब्द. एंटर मारला की खाली मॉडेल उमटतं. 'प्रॉडक्ट'च्या जागी 'मॅन्युफॅक्चरर' टाकलं तर कंपनी.

ही युक्ती नव्या विंडोज ११ वर करायला जाल तर 'असा आदेश ओळखीचा नाही' असं उत्तर येऊ शकतं, कारण मायक्रोसॉफ्टनं हे जुनं साधन २४एच२ आवृत्तीपासून आपोआप बसवणं बंद केलं. त्यावर पर्याय पॉवरशेलचा. स्टार्टमध्ये पॉवरशेल शोधा, उघडा आणि टाइप करा: 'गेट', लगेच आडवी रेघ, लगेच 'सिमइन्स्टन्स' (यातलं सिम म्हणजे सी-आय-एम), मग एक जागा, मग 'विन३२', लगेच अंडरस्कोअर, लगेच 'बेसबोर्ड'. अंडरस्कोअर म्हणजे शिफ्ट दाबून शून्याच्या शेजारचं रेघेचं बटण. इथं निम्म्या लोकांचं चुकतं, साधी रेघ टाकतात.

लिनक्सवाल्यांना टर्मिनल काय ते सांगायची गरज नसते, त्यांच्यासाठी एकच ओळ: सुडो, जागा, डीएमआयडीकोड, जागा, आडवी रेघ आणि टी, जागा, बेसबोर्ड.

सीपीयू-झेड, आणि त्याच्या नावाखाली येणारी घाण

बरेच जण थेट सीपीयू-झेड टाका म्हणून सांगतात. साधन चांगलं आहे, फुकट आहे, सीपीयूआयडी नावाची कंपनी बनवते. त्यात 'मेनबोर्ड' नावाच्या टॅबवर कंपनी, मॉडेल, चिपसेट, बायोसची तारीख असं सगळं एका नजरेत येतं. 'एसपीडी' टॅबवर प्रत्येक खाचेत कोणती रॅम बसलीय ते कळतं, पट्टी बाहेर न काढता. मला स्वतःला यातला चिपसेटचा रकाना सगळ्यात कामाचा वाटतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही चिनी बोर्डांवर, विशेषतः एक्स७९ असं भारदस्त नाव छापलेल्या बोर्डांवर, आत चिपसेट भलताच निघतो. बोर्डावरचं छापील नाव आणि सीपीयू-झेडमधला चिपसेट जुळत नसेल तर विकत घेण्याआधी चार वेळा विचार करा.

एक गोंधळ आधीच दूर करतो. 'मेमरी' टॅबवर रॅमचा वेग निम्मा दिसतो. १३३३ची पट्टी असेल तर ६६५ च्या आसपास आकडा येतो. दुकानदारानं फसवलेलं नाही. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा काम करते, आकडा दुप्पट करून वाचायचा.

खरी भीती डाउनलोडची. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर जाहिराती येतात, 'ड्रायव्हर अपडेट करा', 'तुमच्या पीसीत ८७ चुका' वगैरे. हिरवं मोठं बटण दिसलं म्हणून दाबू नका. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जा, झिप फाइल घ्या, ती उघडून चालवा. इन्स्टॉल करायचीसुद्धा गरज नाही. सेवा केंद्राच्या कम्प्युटरवर तर लोकांचे आधार आणि बँक पासबुक स्कॅन केलेले असतात, तिथं मी हे साधनही टाळतो. वरची पहिली पायरी पुरते.

नुसती रॅम वाढवायची असेल तर आणखी एक सोपी गोष्ट. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. मामांच्याकडं 'वन ऑफ टू' होतं, म्हणजे दोनपैकी एकच खाच भरलेली. काम निम्मं तिथंच झालं.

विंडोज उघडतच नसेल तर

कम्प्युटर चालू होतो, पंखा फिरतो, पण विंडोज येत नाही, अशा वेळी बायोसमध्ये जा. बटण दाबल्या दाबल्या, कंपनीचं चित्र यायच्या आधीपासूनच, डिलीटचं बटण टकटक मारत राहायचं. गीगाबाइट, आसुस, एमएसआय यांच्या बोर्डांवर डिलीट चालतं. डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होच्या डेस्कटॉपवर बहुधा एफ१. पहिल्याच पानावर बोर्डाचं नाव आणि बायोसची आवृत्ती असते. तिथं बघा, फोटो काढा आणि काहीही न बदलता बाहेर पडा. बाहेर पडताना 'सेव्ह' विचारलं तर नाही म्हणा.

जुन्या बोर्डांवर बायोस सुरू होताना काळ्या स्क्रीनच्या तळाला बोर्डाची ओळख सांगणारी आकडे-अक्षरांची लांब ओळ येते आणि एका सेकंदात जाते. की-बोर्डवर 'पॉज' बटण असतं, तेव्हाच कामाला येतं. दाबलं की स्क्रीन तिथंच थांबते.

आता कॅबिनेट उघडा

कम्प्युटर मेलेलाच असेल किंवा रिव्हिजन हवी असेल, तर झाकण काढण्याशिवाय इलाज नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण घाई नको.

शटडाउन करा. मागची पॉवर केबल पूर्ण उपटा, नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. यूपीएस असेल तर त्यातूनही काढा. मग पुढचं चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, आत साठलेला करंट निघून जातो. कॅबिनेट आडवं करा. पुढून बघितलं तर डाव्या हाताला जी बाजू येते ती पाटी काढायची, मागं दोन स्क्रू असतात. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या लोखंडी भागाला एकदा बोट लावा. आपल्याकडं हिवाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना कडकड आवाज येतो, तीच वीज एखाद्या चिपला मारते.

झाकण निघालं की आधी दिसते ती धूळ. आपल्या काळ्या मातीची बारीक पूड पंख्याच्या पात्यांवर अशी बसते की बोटानं नाव लिहावं. जिनिंगच्या जवळपास दुकान असेल तर त्यात कापसाचे तंतू. पालीची अंडी मी दोनदा बघितलीत. रंगाचा कोरडा, मऊ ब्रश घ्या आणि हलक्या हातानं झाडा. ओलं फडकं चुकूनही नको. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरतो आणि खराब होतो. प्रोसेसरवरचा पंखा मात्र काढू नका. त्याखाली बोर्डाचं नाव नसतं आणि तो परत बसवायला पेस्ट लागते.

मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सरळ धरला तर उजेड चमकतो आणि अक्षरं दिसत नाहीत. मॉडेलचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. शोधायच्या जागा तीन: कार्ड बसवायच्या लांब खाचांच्या मध्ये, प्रोसेसर आणि रॅमच्या मधल्या जागेत, आणि कडेला. आसुस बहुधा मधोमध छापतं. गीगाबाइटची रिव्हिजन कोपऱ्यात असते, 'आरईव्ही' आणि पुढं आकडा, इतकी बारीक की फोटो काढून मोठा करून वाचावी लागते. मामांनी तेच केलं. "२.० लिहिलंय का १.० कळंना," म्हणाले, मग चष्मा लावून परत बघितलं.

आता इथं लोक फसतात ते सांगतो, कारण मॉडेलच्या नावापेक्षा ठळक दिसणाऱ्या चार-पाच गोष्टी बोर्डावर असतात.

सगळ्यात फसवी म्हणजे '९४व्ही-०'. जवळपास प्रत्येक बोर्डावर असते आणि दिसायला हुबेहूब मॉडेल नंबरसारखी. पाटी पेटली तर किती लवकर विझते याची ती श्रेणी आहे. त्याच्याच आसपास 'ई' आणि पुढं पाच-सहा आकडे असतात, तो नुसती पाटी बनवणाऱ्या कारखान्याचा नोंदणी क्रमांक. हे दोन नंबर नेटवर टाकून तासन्‌तास ड्रायव्हर शोधणारी पोरं मी बघितलीत, आणि सापडतात हजार वेगवेगळे बोर्ड.

दुसरं, प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिच्यावर 'फॉक्सकॉन' किंवा 'लोट्स' लिहिलेलं असतं. ती सॉकेट बनवणारी कंपनी. "माझा बोर्ड फॉक्सकॉनचा" असं त्यावरून ठरवू नका. फॉक्सकॉननं स्वतःच्या नावाचे बोर्डही विकलेत, त्यामुळं गोंधळ आणखी वाढतो.

तिसरं, बारकोडचं स्टिकर. त्यावर बहुधा सीरियल नंबर असतो, तो वॉरंटीला लागतो. त्याचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची गरज नाही.

इंटेलनं स्वतःच्या नावाचे डेस्कटॉप बोर्ड बनवणं थांबवत असल्याचं जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केलं, पण आपल्या भागात त्यांचे जुने बोर्ड अजून चालतात. डीजी३१पीआर, डीजी४१आरक्यू, डीएच६१डब्ल्यूडब्ल्यू ही नेहमीची नावं. त्यांच्यावर 'एए'नं सुरू होणारा नंबर असलेलं छोटं स्टिकर असतं, मॉडेलची नेमकी आवृत्ती त्यावरून कळते. आणि हो, असा बोर्ड निघाला तर "इंटेलचा" हे उत्तर पहिल्यांदा बरोबर ठरतं.

कंपनीचा तयार कम्प्युटर असेल तर

ऑफिसांमधून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे डबे आता सगळीकडं विकायला येतात. माल मजबूत असतो. पण त्यात बोर्डाचं नाव वेगळ्या पद्धतीनं दिसतं. डेलमध्ये बेसबोर्ड प्रॉडक्टपुढं शून्यानं सुरू होणारा सहा अक्षरी कोड येतो, एचपीत बहुधा चार अक्षरी. त्या कोडपेक्षा डब्याचं मॉडेल जास्त उपयोगी, म्हणजे यादीत वरची 'सिस्टिम मॉडेल'ची ओळ. इथं ती भरलेली असते. डेलच्या डब्यावर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, तो त्यांच्या साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून काय काय घेऊन निघालं ते दिसतं.

अशा डब्याचा पॉवर सप्लाय जळाला तर बाजारातला साधा आणून बसवायच्या आधी बोर्डाकडं जाणाऱ्या वायरीचं टोक बघा. नेहमीच्या बोर्डाला २४ पिनांचं टोक लागतं. डेलच्या बऱ्याच ऑप्टिप्लेक्समध्ये ते आठ किंवा सहा पिनांचं असतं, साधा सप्लाय बसतच नाही. मग दुकानदार म्हणतो, बोर्डच बदला.

लॅपटॉपचं या लेखात थोडक्यातच सांगतो. रॅम किंवा बॅटरी घ्यायला लॅपटॉपचं मॉडेल पुरतं, ते खालच्या बाजूला असतं. आतल्या बोर्डावरचा 'एलए' किंवा 'डीए०'नं सुरू होणारा नंबर फक्त रिपेअरवाल्याला लागतो, सर्किटचा नकाशा शोधायला.

नाव हातात आल्यावर

नाव वाचता आलं तर निम्मी माहिती त्यातच असते. एच६१एम-एस घ्या. एच६१ हा चिपसेट, २०११ चा, इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी. सॉकेटचा आकडा ११५५. एम म्हणजे लहान आकाराची पाटी, जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर लांब आणि तितकीच रुंद. शेवटचं एस कंपनीचं स्वतःचं. हे पूर्ण नाव कंपनीच्या साइटवर टाका, स्पेसिफिकेशनच्या पानावर रॅमपुढं काय लिहिलंय ते वाचा. मामांच्या बोर्डापुढं होतं: डीडीआर३, दोन खाचा, मिळून १६ जीबीपर्यंत. एका खाचेत ४ जीबीची पट्टी होती. दुकानवाल्याला फोन केला, "गीगाबाइट एच६१एम-एस, डीडीआर३, डेस्कटॉपची, ४ जीबी." त्यानं पुढं एकही प्रश्न विचारला नाही.

प्रोसेसर बदलायचा असेल तर साइटवरची 'सीपीयू सपोर्ट'ची यादी बघा, नुसता सॉकेट जुळला म्हणून उडी नको. ११५१ हा सॉकेट इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीलाही आहे आणि आठव्या-नवव्यालाही, पण बोर्ड वेगळे लागतात. आठव्या पिढीचा प्रोसेसर एच११० वर बसतो, पण चालत नाही. बसतो म्हणूनच लोक घेतात.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं 'माझ्यावर ११ चालेल का' हा प्रश्न आता रोजचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अटीप्रमाणं इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची हवी, सोबत टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (चालू होताना ओळखीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय). म्हणजे एच६१, एच८१ वाल्यांनी सरळ रीतीनं त्याची वाट बघू नये. बी४५०, एच३१० सारखा बोर्ड असेल आणि तरीही विंडोज 'टीपीएम नाही' म्हणत असेल, तर बहुधा ते बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी या नावानं सापडतं, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम.

फॉरमॅट मारायच्या आधी कंपनीच्या साइटवरच्या आपल्या बोर्डाच्या पानावरून लॅनचा ड्रायव्हर (केबलचं नेट चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. नवीन विंडोज टाकल्यावर नेट चालत नाही, आणि नेट चालत नाही म्हणून ड्रायव्हर मिळत नाही. आधी विसरलात तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, काम भागतं.

रिव्हिजन कशाला लागते? रॅमसाठी सहसा नाही. बायोस अपडेटसाठी लागते, आणि तिथं चूक माफ नाही. रिव्हिजन १.० ची फाइल २.० वर गेली तर चांगला चालणारा बोर्ड मुका होऊ शकतो. अपडेट चालू असताना वीज गेली तरी तेच. आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा यूपीएस नसेल तर बायोसला हात लावू नका. आणि सगळं नीट चालू असेल, नवा प्रोसेसर टाकायचा नसेल, तर यूपीएस असला तरी लावू नका असं माझं मत आहे.

घड्याळ रोज मागं जात असेल, दर वेळी तारीख चुकत असेल, तर त्याला बोर्डाचं नाव लागतच नाही. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२. घड्याळवाल्याकडंही मिळतो. छापील बाजू वर ठेवून बसवायचा. बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल तर बऱ्याचदा दोष या सेलचाच असतो, कारण तारीखच चुकलेली असते.

झाकण लावायच्या आधी मामांना एक काम सांगितलं. कोऱ्या कागदावर कंपनी, मॉडेल, रिव्हिजन आणि रॅमचा प्रकार लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावा, आणि त्याचा फोटो मला पाठवा. संध्याकाळी फोटो आला. कागद म्हणजे सातबाऱ्याच्या फसलेल्या प्रिंटची मागची बाजू, अक्षर ठळक, आणि रिव्हिजनपुढं '२.०, चष्मा लावून बघितलं' असं लिहिलेलं.